सगळ्यांत जास्त कोण जगतं?

हॉस्पिटलात तिला सगळे मावशी म्हणायचे. कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेले डॉक्टर मावशी म्हणायचे, सत्तरीचे पेशंट मावशी म्हणायचे, आणि तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या सिस्टरसुद्धा "मावशी, जरा सात नंबरचं बघा" म्हणायच्या. ती कामाला लागली तेव्हा बावीस वर्षांची होती. "लग्नाच्या आधीच मावशी झाले, आता म्हातारी व्हायची तेवढी राहिलेय," असं ती हसत म्हणायची. पुढे तेही म्हणायचं सोडून दिलं.

पुरुषांच्या वॉर्डात तिची कायमची रात्रपाळी होती. लघवी-संडासची भांडी द्यायची, चादरी बदलायच्या, पडून असलेल्यांना कुशीवर वळवायचं, आणि कुणी गेलं की त्याचं शेवटचं आवरायचं. हे शेवटचं काम तिच्याइतकं नेटकं कुणालाच जमत नसे. ओल्या कापसानं पापण्या मिटवायच्या, हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर बांधायची, पायांचे अंगठे जुळवायचे, आणि चादर गुंडाळून तीन गाठी मारायच्या. डोक्याशी एक, कमरेशी एक, घोट्यांशी एक. घरची माणसं यायच्या आत माणूस माणसासारखा दिसला पाहिजे, एवढाच तिचा हट्ट. आणि तिचा हात कधी चुकत नसे. डॉक्टर नळी लावून ऐकत असायचे, तेवढ्यात मावशी पायाशी जाऊन तळव्याला हात लावायची आणि कापूस भिजवायला निघूनही जायची.

"मावशी, थांबा की जरा. सर्टिफिकेट मला द्यायचंय," एक नवखा डॉक्टर एकदा तिला म्हणाला होता.

"द्या की. मी पाणी गरम करायला ठेवते," ती म्हणाली होती.

तिचा नवरा उंच इमारतींच्या काचा पुसायचा. कमरेला दोर बांधून विसाव्या मजल्यावर लोंबकळणारा माणूस तो. पडला मात्र एका दुकानाच्या पाटीपाशी, शिडीच्या पाचव्या पायरीवरून. नऊ दिवस तो मावशीच्याच हॉस्पिटलात, खालच्या मजल्यावर मशीनवर होता. नवव्या दिवशी दुपारी मशीनवरची रेघ सरळ झाली. डॉक्टरांनी वेळ लिहून घेतली. मावशीनं तळव्याला हात लावला. तो अजून गरम होता. गरमच असणार, पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. वॉर्डबॉय म्हणाला, "मावशी, तुम्ही राहू द्या, मी करतो." ती म्हणाली, "तुझ्या गाठी सुटतात."

तिनं पापण्या मिटवल्या होत्या आणि पट्टी हातात घेतली होती, तेवढ्यात सासरे नातीला घेऊन दारात आले. पोरगी पाच वर्षांची. तिला घरात सगळे ठकी म्हणायचे, कारण जन्मली तेव्हा ती लाकडाच्या बाहुलीसारखी टक लावून बघत होती. आताही ती तशीच बघत होती. हातात बिस्किटाचा पुडा होता, बाबांसाठी आणलेला.

"बाबा झोपलेत," मावशी म्हणाली. "उठवू नकोस."

एवढंच एक वाक्य. दहा वर्षांत तिनं कितीतरी लोकांना खरं ते सांगितलं होतं, हात धरून, पाणी देऊन सांगितलं होतं. स्वतःच्या पोरीपुढे मात्र तिची जीभ वळली नाही.

पुढे एका खोट्याला दुसरं जोडावं लागलं. बाबा झोपले, मग उठून लांब कामाला गेले. आजोबांनीही तीच री ओढली. ठकीनं फार विचारलं नाही. तिनं झोपायचं तेवढं सोडलं. डोळे मिटायला लागले की चिमटा काढून घ्यायची, वर्गात डुलकी लागून बाकावर डोकं आदळायचं. मावशी रात्रपाळी करून आली की दुपारी झोपायची, तेव्हा ठकी शाळेतून येऊन दप्तर न ठेवताच तिच्या उशाशी बसायची आणि तिच्या नाकाखाली एक बोट धरायची. मावशीला ते पहिल्याच दिवशी कळलं. ती तशीच पडून राहायची. आपल्याला कळलंय हे पोरीला कळलं तर आणखी काय काय बोलावं लागेल, याची तिला धास्ती वाटायची.

असं दीड वर्ष गेलं. मग शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. "घरात एखादा प्राणी आणा," त्या म्हणाल्या. "तिला सांभाळायला काहीतरी द्या. सारखी तुम्हाला सांभाळतेय ती."

घरी हा विषय निघाला तेव्हा सासरे पेपर वाचत होते. निवृत्त बस ड्रायव्हर, कानानं थोडे कमी, जिभेनं अजिबात कमी नाहीत.

"कुत्रा?" त्यांनी विचारलं.

"दहा-बारा वर्षं जगतो."

"मग?"

"मग ठकी तेव्हा एकोणीसची असेल, मामंजी. त्या वयात घरात पुन्हा तेच नको."

"मांजर?"

"तेच. ससा आठ वर्षं. म्हणजे पंधराव्या वर्षी, नेमकी परीक्षेच्या वेळी."

सासऱ्यांनी पेपर खाली केला. "सूनबाई, तू प्राणी आणायला निघालीस की त्याच्या मयताची तारीख काढायला?"

ती उठून चहा टाकायला गेली. पण त्यांनी बरोबर ओळखलं होतं. रात्रपाळीत चादरींच्या घड्या घालताना तिचं हेच चाललेलं असायचं. कोण किती जगतं, आणि तेव्हा ठकी केवढी असेल.

प्राण्यांचं दुकान बसस्टॉपच्या मागच्या गल्लीत होतं. आत पक्ष्यांचा असा कलकलाट की बोलायचं तर ओरडावंच लागे. ठकी माशांच्या टाकीला नाक लावून उभी राहिली. मावशीनं तिला तिथून ओढलंच. एक मासा पोट वर करून तरंगत होता.

"काय दाखवू, ताई?" दुकानदार म्हणाला. वयस्कर, जाड भिंगांचा चष्मा, स्वेटरला कसले कसले केस चिकटलेले.

"तुमच्याकडे सगळ्यांत जास्त कोण जगतं?"

त्यानं चष्मा वर केला. "लोक रंग विचारतात. चावतं का विचारतात. हे पहिल्यांदाच ऐकलं." मग कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यातून त्यानं एक कासव उचललं. जमिनीवरचं, पाण्यातलं नव्हे, चहाच्या बशीएवढं, तपकिरी पाठीवर पिवळसर चौकटी. "हा घ्या. पन्नास वर्षं कुठे जात नाही. नीट सांभाळला तर सत्तर. तुम्ही-आम्ही सगळे याच्या आधी जाऊ."

आपण सगळे आधी जाऊ, हे ऐकून मावशीला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हायसं वाटलं.

तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन आला. कुणाची तरी रजा, कुणाची तरी पाळी. पक्ष्यांच्या गोंगाटात काही ऐकू येईना म्हणून ती रस्त्यावर गेली. परत आली तेव्हा दुकानदार ठकीसमोर उकिडवा बसला होता आणि बोटांवर मोजून तिला काहीतरी समजावत होता. ठकी ओठ हलवत होती.

"काय सांगितलं काकांनी?" बसमध्ये मावशीनं विचारलं.

"खूप. मला सगळं पाठ आहे," ठकी म्हणाली, आणि मांडीवरच्या खोक्यात बघत राहिली.

सासऱ्यांनी कासव उलटंपालटं करून पाहिलं. "बराय. खायला घालायचं आणि बघत बसायचं. माझ्यासारखाच आहे. मलाही असंच एक झाकण द्या बसवून." त्याच संध्याकाळी ठकीनं त्याचं नाव डबेराव ठेवलं, झाकणाच्या डब्यासारखा म्हणून. दीड वर्षात त्या घरात कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं. त्या दिवशी आजोबा हसले.

डबेरावचं खोकं खिडकीखाली, त्यावर एक पिवळा दिवा. तो दिव्याखाली पाय पसरून पडायचा, कोबीचं पान करकरा खायचा. ठकी त्याला रोज शाळेतलं सगळं सांगायची. आईच्या नाकाखालचं बोट मात्र अजून यायचं, आठवड्यातून एखाद-दोनदा.

थंडी सुरू झाली आणि दिवा गेला. मावशीनं कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा पांढरा दिवा आणला. "हा तापत नाही, ताई, हात लावला तरी भाजत नाही," तिथला माणूस म्हणाला. लहान मूल असलेल्या बाईला आणखी काय हवं? मावशीनं तोच लावला. खोक्यात लख्ख उजेड पडला. त्यात ऊब नव्हती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. डबेराव कमी खाऊ लागला. मग खाईनासा झाला. मग कोपऱ्यात जाऊन त्यानं डोकं आत ओढून घेतलं.

एका रविवारी सकाळी मावशी पाळीवरून आली. त्या रात्री वॉर्डात दोघं गेले होते, तिच्या हातांना अजून स्पिरिटचा वास होता. ठकी खोक्यापाशी बसून चित्र काढत होती.

"किती दिवस असा आहे हा?"

"पाच," ठकी म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

मावशीनं त्याला उचललं. बारा वर्षं जे करत आली तेच तिनं केलं. पर्समधला छोटा आरसा नाकाशी धरला, त्यावर काही उमटलं नाही. पापणीवर टॉर्च मारला. मागचा पाय चिमटीत धरून ओढला, तो हळूहळू जसा होता तसा परत गेला. आणि शेवटी हात. पाठ थंड, पोट थंड, पायांचे तळवे थंडगार. या थंडपणाबद्दल तिला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

"झोपलाय तो," ठकी म्हणाली. "काका म्हणाले होते. थंडीत झोपतात ते. खूप खूप दिवस."

मावशीला पुढचं ऐकूच आलं नाही. तिला फक्त 'झोपलाय' एवढं ऐकू आलं, आणि बिस्किटाचा पुडा घेऊन दारात उभी असलेली पोरगी दिसली. हे आपलंच पेरलेलं, तिला वाटलं. आज नाही उपटलं तर ही जन्मभर मेलेल्यांच्या उशाशी बसून राहील.

ती खाली बसली. "ठकी, इकडे बघ. तो झोपला नाही. तो मेलाय."

"झोपलाय."

"हात लाव. थंड आहे की नाही?"

"तो नेहमीच थंड असतो."

"इतका?"

ठकीनं हात लावला. "नाही. इतका नाही."

"मग. झोपलेलं माणूस गरम असतं. तू माझ्या नाकाखाली बोट धरतेस ना, तेव्हा गरम लागतं की नाही?"

ठकीची मान एकदम खाली गेली. चोरी पकडल्यासारखी.

"काका खोटं बोलले?" तिनं जरा वेळानं विचारलं.

"काका असं काही बोलले नसतील. तुलाच तसं वाटावंसं वाटलं. होतं तसं." मावशीनं डबेरावला मांडीवर ठेवलं. "आणि बाबाही झोपले नव्हते. मी खोटं बोलले. बाबा मेले होते, ठकी. कामाबिमाला कुठे गेलेले नाहीत. मी हात लावून बघितलं होतं. असाच."

खुर्चीत सासऱ्यांचा पेपर वाजायचा थांबला.

इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ मातीचा एक पट्टा होता. माती घट्ट झालेली, वीतभरच खणता आली. मावशीनं जुन्या विटक्या चादरीचा तुकडा फाडला आणि डबेरावचं सगळं रीतसर आवरलं. डोक्याशी गाठ, कमरेशी गाठ, शेपटीशी गाठ. प्रत्येक गाठ ठकीला दाखवून मारली. काही लपवायचं नाही, असं तिनं ठरवलंच होतं. मूठभर माती ठकीनं टाकली. सासरे काठी टेकून जिना उतरून आले होते. वर जाताना ते म्हणाले, "बरं केलंस, सूनबाई. कामाला गेलाय, कामाला गेलाय असं म्हणता म्हणता मलाच खरं वाटायला लागलं होतं. परवा दोघांचा चहा टाकला मी."

ठकी तीन दिवस रडली. कधी डबेराव म्हणून, कधी बाबा म्हणून. चौथ्या दिवशी ती नऊ तास झोपली. मग रोजच झोपू लागली. दुपारी नाकाखाली बोट येईना. मावशी डोळे मिटून वाट बघायची, पण बाहेरच्या खोलीतून फक्त पेन्सिल टोकरल्याचा आवाज यायचा. शाळेतल्या बाईंनी वही दाखवली. 'माझे बाबा वारले. ते काचा पुसायचे. काच पुसली की ती दिसत नाही.' मावशी शाळेच्या नळावर जाऊन तोंड धुऊन आली. अवघड काम आपल्या हातून नीट झालं, असं तिला वाटलं. डबेराव फुकट मेला नाही, असंही वाटलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

अडीच महिन्यांनी ऊन तापलं. एका सकाळी अकराच्या सुमारास वॉचमननं खालून हाक मारली. "मावशी, तुमचा पाहुणा आलाय बघा."

टाकीच्या सावलीबाहेर, उन्हात, डबेराव चालत होता. डोळ्यांभोवती माती, मान सुकलेली. चादरीची चिंधी मागे फरफटत होती. डोक्याकडची आणि शेपटीकडची गाठ कुजून, ओरबाडून सुटली होती. कमरेची तेवढी शाबूत होती. त्या गाठीशी तो एक पाय पुन्हा पुन्हा घासत होता.

मावशी त्याच्यासमोर बसली. गाठ नखानं सुटेना, तिचीच गाठ ती. वॉचमननं खिशातला चाकू दिला. "भुताटकी झाली की काय," तो हसत म्हणाला. तिचं तोंड बघून मुकाट्यानं फाटकाकडे गेला.

पाठीवर हात ठेवला तर ती उन्हानं तापली होती.

ठकी शाळेतून यायला दोन तास होते. मावशीनं कापडी पिशवी आणली, त्याला आत ठेवलं आणि बस पकडली. वाटेत तिनं स्वतःला सगळं पटवलं. पोरगी आता कुठे झोपतेय. मेलेलं परत येत नाही हे तिला एवढ्या कष्टानं कळलंय. हे तिला दिसलं तर सगळं मुसळ केरात. वॉचमनला गप्प बसायला सांगता येईल. मामंजींना सांगायचीच गरज नाही.

दुकानदारानं कासव हातात घेऊन तोललं. "हलका झालाय. कुठे ठेवला होता?"

तिनं सांगितलं.

त्याचा तोलणारा हात थांबला. पक्षी मात्र ओरडतच होते. "जिवंत पुरलंत, ताई?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"पोरीला सांगितलं होतं की मी. तुम्ही फोनवर होतात. थंडीत झोपतं, मेलं समजू नका, उबेत ठेवा. मी बोललो तस्सं तिनं दोनदा म्हणून दाखवलं मला. बोलली नाही का घरी?"

मावशीनं काउंटरचा कठडा धरला. काका असं काही बोलले नसतील, तुलाच तसं वाटावंसं वाटलं.

"बोलली," ती म्हणाली.

"ठेवून जाताय?"

"तिला अजून माहीत नाही. हा वर आलाय हे."

"मग प्रश्नच मिटला," तो सौम्यपणे म्हणाला आणि मागच्या खोक्याकडे वळला.

"नको," मावशी म्हणाली. "द्या तो इकडे."

ठकी आली तेव्हा डबेराव खोलीच्या मधोमध बशीतलं पाणी पीत होता, मान लांब करून, घोटाघोटानं, संपतच नव्हतं. ठकी ओरडली नाही, धावली नाही. दप्तर ठेवलं आणि त्याच्यासमोर बसली.

"मी म्हटलं होतं," ती म्हणाली.

"हो. तू म्हटलं होतंस. काकांनी सांगितलं होतं आणि तू खरं बोलत होतीस. मी चुकले."

ठकीनं मान हलवली. डबेरावचं पाणी पिऊन होईपर्यंत ती थांबली. कोबीचं पान तिनं बारीक फाडलं, एक एक तुकडा त्याच्या तोंडाशी धरला. मग तुकडे मोजतच असल्यासारखं तिनं विचारलं, "आई, बाबांना कुणी बघितलं होतं?"

"डॉक्टरांनी."

"आणि?"

"आणि मी."

"हात लावून?"

"हो."

"थंड होते?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. एक अक्षर. मावशीच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण तिनं खोटं बोलणं सोडलं होतं, त्या टाकीजवळ, तीन गाठी मारून सोडलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "गरम होते. पण मशीनवर रेघ सरळ झाली होती, ठकी. डॉक्टरांनी दोनदा तपासलं होतं. अंग गार व्हायला वेळ लागतो. ती वेळच तशी..." तिचाच आवाज तिला खिडकीतल्या क्लार्कसारखा वाटला, फॉर्म परत करणाऱ्या.

सासऱ्यांना कमी ऐकू यायचं. पण त्यांनी पेपर मांडीवर ठेवला होता आणि ते सुनेकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता. त्यांचाही तोच प्रश्न होता.

ठकीनं कोबीचे उरलेले तुकडे गोळा केले. तिनं डबेरावला उचलून खोक्यात ठेवलं.

दुपारी मावशी आडवी झाली. डोळे मिटले, पण हात मिटेना. उजव्या हाताच्या तळव्याला एक पाऊल लागत होतं, गरम. बारा वर्षांत तिनं किती पावलांना हात लावला असेल, ती सगळी एकेक करून तिच्या हाताखाली येत होती.

दार वाजलं नाही, पण चाहूल लागली. उशाशी गादी किंचित दबली. मग नाकाखाली ते बोट आलं, कोबीचा वास असलेलं.

या वेळी मावशी निपचित पडून राहिली नाही. तिनं मुद्दाम मोठा श्वास घेतला आणि सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला, ऐकू जाईल असा, बोटाला नीट लागेल असा. बराच वेळ ती तशी श्वास घेत राहिली. बोट हललं नाही.